आतून न उघडणारं दार

हात दारिओचे होते, पण वळवणारा दारिओ नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याची बाजू घ्यायची मला इच्छा राहील याची खात्री नाही. रविवारची दुपार. धाकट्या दिराच्या, लुईजीच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला होता आणि जेवण त्याच्या घरी होतं. कॅनडातल्या लीमिंग्टनहून निघालेलो आम्ही तिघं. दारिओ गाडी चालवतोय, त्याच्या शेजारी माझी सासू अस्सुंता, काळे बूट, केस सकाळीच सेट करून घेतलेले, आणि मागे मी, मांडीवर सासूने केलेल्या लझान्याचा गरम ट्रे. विंडसरमध्ये शिरलं की पुलाकडे जाणारा रुंद रस्ता लागतो. दिराच्या घरासाठी उजवीकडे वळायचं असतं. माझ्या नवऱ्याचे हात डावीकडच्या लेनमध्ये गेले, माणूस विचार न करता कान खाजवतो तसे. ऐन तारुण्याची वर्षं तो रोज सकाळी याच लेनमधून नदीपलीकडे कामाला जात होता, साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात. तो कारखाना केव्हाच बंद पडला. हातांना ते कोणी कळवलं नव्हतं.

एका बाजूला सिमेंटचा कठडा सुरू झाला, दुसऱ्या बाजूला ट्रकांची भिंत. मागे ट्रक येऊन उभा राहिला, त्याची जाळी आमच्या मागच्या काचेत भरून गेली. समोर गाड्यांची रांग, रांगेच्या टोकाला टोलनाका, आणि त्याच्यावर पूल, आकाशात उभा केलेला.

“अरे देवा,” दारिओ म्हणाला आणि हसला.

“काय झालं?” सासूने विचारलं.

“पुलाच्या लेनमध्ये आलो, मम्मा.”

“तुझा बाप असाच होता. माझ्या बहिणीच्या लग्नाला म्हणून निघाला आणि जाऊन पोचला कामावर. सुटाबुटात.”

“आता वळायला जागा नाही. पलीकडे जाऊ, चुकून आलो म्हणून सांगू, ते वळवून देतात. रोज कोणी ना कोणी चुकतंच.”

“आलोच आहोत तर चीज घेऊ,” सासू म्हणाली. “पलीकडचं चांगलं असतं. लुईजीच्या बायकोने जेवणाला ते पिवळं रबर आणून ठेवलं असणार.”

पलीकडे. या गावातले लोक अमेरिका म्हणत नाहीत. पलीकडे म्हणतात. पलीकडे पेट्रोल भरलं, पलीकडे मॅच बघायला गेलो, पलीकडच्या मावशीचं पित्ताशय काढलं. गल्लीच्या पलीकडे म्हणावं तसं. नदी म्हणजे यांच्या अंगणातली मोरी. यांच्या डोक्यात तो पूल म्हणजे पूलच, एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणारी वस्तू. मी पहिल्यांदा पूल पाहिला तेव्हा दारिओने मला नदीकाठी नेऊन, खांद्यावर हात टाकून दाखवला होता, रात्री दिवे लागतात तेव्हा किती सुंदर दिसतो ते. मी म्हटलं होतं, हो, सुंदर आहे. तोंड उघडं ठेवलेलं जनावरही लांबून सुंदर दिसतं.

माझ्यासाठी पलीकडे नाही. माझं वर्क परमिट मागच्या हिवाळ्यात संपलं. संपायच्या आधीच मी मुदतवाढ मागितली होती, आणि दारिओने बायको म्हणून मला स्पॉन्सर केल्याचा अर्जही आत गेला होता. दोन्हींची उत्तरं यायची आहेत. चर्चच्या तळघरात फुकट सल्ला द्यायला बसणारी एक वकीलबाई आहे, नदीन. च्युइंगम चघळत बोलते, पण गोड खोटं बोलत नाही. ती म्हणाली होती, “हे बघ ओदिलिया, उत्तर येईपर्यंत तू कायदेशीर आहेस. जुन्याच परमिटवर, त्याच मालकाकडे, त्याच कामावर. दुसरीकडे एक तासही काम करायचं नाही. आणि देशाबाहेर पाऊल नाही. बाहेर गेलीस की हे सगळं गेलं. परत येताना नाक्यावर जो बसलेला असेल त्याची मर्जी. त्याने आत घेतलं तरी काम बंद. नाही घेतलं तर नवरा इथे, तू तिथे, आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून.” उत्तर कधी येईल, मी विचारलं. ती हसली. “ते त्यांना तरी कुठे माहीत आहे?” म्हणजे माझ्यापाशी कागद नाही, कागदाची वाट बघायचा हक्क आहे. श्वास रोखून धरण्यासारखा हक्क. रोखलाय तोवर जिवंत.

रांग गाडीभर पुढे सरकली. ट्रेची ऊब मांडीत उतरत होती, आणि मला एकाएकी माझ्या दोन्ही गुडघ्यांचा स्पष्ट पत्ता लागला, जणू इतका वेळ ते दुसऱ्या कोणाचे होते. भीती वाटली की मला असंच होतं. अंगाचे तुकडे आपापली हजेरी लावतात.

“दारिओ, गाडी थांबव.”

“थांबलेलीच आहे, ओडी. रांग बघ.”

“मला उतरायचंय.”

“इथे? डोकं फिरलंय का? ट्रक बघ केवढे आहेत.”

“मला पलीकडे जाता येत नाही.”

त्याने आरशात पाहिलं. आरशात फक्त त्याचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांवरून त्याला आठवण झाल्याचं कळलं. विसरलाच होता. अर्जावर याच्याच सह्या आहेत, मी संध्याकाळी दारात पाय टाकला की पोस्टाच्या पेटीत हात घालून “काही नाही आलं” सांगणारा हाच, आणि हा विसरला होता. मग ते डोळे लगेच सावरले. “अगं, आपण अमेरिकेत जाणारच नाही. पुलावरून जायचं, त्यांच्या झेंड्याला वळसा घालायचा आणि परत. याला कोण देश सोडणं म्हणेल?”

“परत येताना खिडकीतला माणूस म्हणेल.”

“मी सांगतो ना त्याला. माझी चूक आहे म्हणतो. एखादा माझ्या शाळेतला निघेल.”

हे मी त्याच्यावर प्रेम करते म्हणून सहन करते, पण आज लिहायचंच तर सगळं लिहीन. या माणसाला आयुष्यात कोणी विचारलेलं नाही की तू इथे का आहेस. त्याने कुठे तोंड उघडलं तर समोरचा ऐकून घेतो, आणि ऐकून घेतलं जाणं हे याला हवेसारखं वाटतं, सगळ्यांना फुकट मिळणारं. “मी सांगतो ना.” लग्नानंतर आम्ही पुरावे गोळा करत होतो तेव्हाही तो हेच म्हणायचा. आमचं लग्न खरं आहे याचे पुरावे द्यायचे होते. फोटो, एकत्र बिलं, एकमेकांना पाठवलेले निरोप. माझ्या गावात दोघं नवराबायको असल्याचा पुरावा म्हणजे त्यांची भांडणं शेजाऱ्यांना ऐकू येणं. इथे मी हसरे फोटो निवडत बसले, आणि एकाही फोटोत सासू हसत नव्हती. मोठी जाऊ एकदा कॉफी ओतता ओतता म्हणाली, “आमच्या दारिओला काय, मशीन दुरुस्त करायला गेला आणि बायको घेऊन आला, वॉरंटीसकट.” सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचाही कोणीतरी फोटो काढला होता, तोही मी अर्जाला जोडला. छान आलाय.

मशीन दुरुस्त करायलाच आला होता तो. मी ज्या ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटोच्या वेलींची पानं काढते तिथला माल वाहणारा पट्टा अडकला होता. काचेखालचा जुलै, घामाने डोळे चुरचुरत होते, आणि हा बाबा पट्ट्याखाली आडवा पडून इटालियनमध्ये पट्ट्याला शिव्या देत होता. त्याची शिवी मला माझ्या शाळेतल्या स्पॅनिशमधून अर्धी कळली आणि मी फसकन हसले. तो बाहेर आला, नाकावर ग्रीस. “कळलं वाटतं?” म्हणाला. तिथून सुरू. घरात मी किचे बोलत वाढले, ग्वातेमालात, तोतोनिकापानच्या डोंगरात; स्पॅनिश शाळेतली, इंग्रजी टोमॅटोतली. सासूची भाषा आणि माझी स्पॅनिश चुलत बहिणी. निम्मं समजतं, उरलेल्या निम्म्यावर भांडण होतं.

मी दाराची खिट्टी ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली. मग आठवलं. दिराच्या मोठ्या मुलीने चालत्या गाडीत दार उघडलं होतं त्या दिवसापासून मागच्या दोन्ही दारांना लहान मुलांचं कुलूप लावलेलं आहे. बाहेरूनच उघडतात.

“दारिओ, दार उघड.”

“शांत बस जरा. ओडी, ऐक माझं. शांत.”

“बाहेर ये आणि दार उघड.”

“मागचा ट्रकवाला चिरडून टाकेल मला. दोन मिनिटं विचार करू दे.”

रांग पुन्हा सरकली आणि तोही सरकला. तेच मला लागलं. विचार करत होता, पण पाय ब्रेकवरून उचलत होता. समोरच्याने पुढे जावं आणि आपण त्याच्या मागे जावं, यात त्याला निर्णय वाटतच नव्हता. ग्रीनहाऊसमधला आमचा मुकादम ब्रेंट असाच बोलतो, घाई न करता. त्याला माझं परमिट पाठ आहे. मी इथून हलू शकत नाही, दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. काचेला चिकटलेल्या शेवटच्या ओळी, जिथे दुपारी श्वास घेतला तर तोंडात वाफ येते, त्या मला. ट्रॉलीचं चाक मोडलेलं, ती ट्रॉली मला. “आवडत नसेल तर दार उघडं आहे, डार्लिंग.” तो रोज म्हणतो, हसून. माझ्याबरोबर काम करणारी दोन्या तोमासा, जी माझ्या आईच्या वयाची आहे, ती म्हणते, “पोरी, त्याच्या बुटांकडे बघून बोल, तोंडाकडे नको. बूट निदान त्याने स्वतः पुसलेले असतात.” मी त्याच्या बुटांकडे बघते. पानं काढते. टोमॅटोच्या पानाचा रस हाताला लागून काळाहिरवा होतो, साबण लावला की पिवळा पडतो, आणि वास जात नाही. लग्नाच्या दिवशीही नखांत होता. मला रडवायला बसलेल्या माणसासमोर मी दीड वर्ष रडलेले नाही, ही माझी कमाई आहे. ती मी कुठल्याही अर्जाला जोडलेली नाही.

आणि मागच्या वसंतात बाप गेला. हातमागावर बसून माझ्या आईच्या, माझ्या, अर्ध्या गावातल्या बायकांच्या नेसूचं कापड विणलेला माणूस. बहिणीचा फोन आला तेव्हा मी ओळीत होते. ब्रेंटला सांगितलं. “वाईट झालं,” तो म्हणाला, आणि मग, खरंच सांगते, त्याच सुरात, “जायचं तर जा. दार उघडं आहे.” मी नदीनला फोन केला. तिचं च्युइंगम थांबलेलं मला ऐकू आलं. “जाऊ शकतेस,” ती म्हणाली. “परत येशीलच असं मी सांगू शकत नाही.” मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वेलींच्या मधोमध, ट्रॉलीच्या रुळांवर बसून फोनवर बापाची माती पाहिली. बहिणीच्या हातात फोन हलत होता. आईने पेटीत त्याचा धोटा ठेवला, विणताना इकडून तिकडे फेकायचा तो, वर जाऊन हात रिकामे राहू नयेत म्हणून. पुरुषांनी पेटी खांद्यावर घेतली. चढणीच्या वळणावर चित्र गोठलं. पेटी अर्धी वळलेली, काकाचा एक पाय उचललेला. मी ते गोठलेलं चित्र सुट्टी संपेपर्यंत बघत होते. माझ्या डोक्यात बाप अजून तिथेच आहे. वळणावर, अर्धा वळलेला. उठले आणि उरलेली ओळ पूर्ण केली.

त्या रात्री सासू तिच्या बहिणीशी, त्याच पित्ताशयवाल्या बहिणीशी, फोनवर मोठमोठ्याने बोलत होती. “बापाच्या मातीला न गेलेली मुलगी मी तरी पाहिली नाही.” चुलत बहिणींच्या भाषेत एवढं कळतं.

तरी याच सासूने सप्टेंबरात गॅरेजमध्ये टोमॅटोचा रस्सा शिजवायला मला बरोबर घेतलं होतं. दरवर्षी सगळं घर जमतं, पातेल्यांखाली जाळ, बाटल्यांची रांग, आणि मी वर्षभर टोमॅटोंत राहणारी बाई सुट्टीच्या दिवशी पुन्हा टोमॅटोंत. प्रत्येक बाटलीत तुळशीचं पान घालताना ती मान वर न करता म्हणाली होती, “माझं लग्न दिराबरोबर लागलं. तुझा सासरा इथे होता, कॅनडात. मी त्याला फोटोत पाहिलेला. चर्चमध्ये त्याच्या जागी त्याचा भाऊ उभा राहिला, अंगठी त्यानेच घातली. तशी पद्धत होती, वेळ आणि पैसे वाचायचे. मग जहाज. बंदरावर माझा बाप टोपी हातात धरून उभा होता. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात येते.” मी विचारलं, “मग गेलात?” ती म्हणाली, “बाटली नीट धर. सांडतंय.”

समोरच्या तीन गाड्यांपलीकडे टोलनाक्याची दांडी वर-खाली होत होती. दारिओने मूठभर नाणी शोधायला सुरुवात केली होती.

“मम्मा, तुझ्याकडे सुट्टे आहेत?”

“पर्समध्ये बघते. चीज कार्डावर घेऊ.”

आणि तिथे माझ्यातलं काहीतरी, जे दीड वर्ष मी बुटांकडे बघून सांभाळलं होतं, ते सरळ उभं राहिलं. राग नव्हता तो. राग गरम असतो. हे थंड होतं, आणि मजबूत, बापाच्या मागाच्या खांबासारखं. मी ट्रे बाजूला ठेवला. सासूच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिला कधी शिवत नाही.

“मम्मा,” मी म्हटलं, स्पॅनिशमध्ये, हळू, एकेक शब्द तिच्या बाजूला सरकवत. “मी माझ्या बापाच्या मातीला गेले नाही. मला नको होतं म्हणून नाही. गेले असते तर परत येता आलं नसतं. त्याला पुरलं ते मी फोनवर बघितलं, आणि नंतर पानं काढली. तो मेला तरी मी ही रेघ ओलांडली नाही. आता चीजसाठी ओलांडू?”

सासू वळली नाही. केसांवरचा स्प्रे उन्हात चमकत होता. दारिओ म्हणाला, “ओडी, प्लीज, मम्माला मधे नको घालू.” रांग सरकली. समोर आता दोनच गाड्या.

“ही गेली नाही म्हणजे जाऊ दिलं नाही?” सासूने मुलाला विचारलं.

“गुंतागुंतीचं आहे, मम्मा. तसं बघितलं तर—”

“हो की नाही?”

“हो.”

“मला कोणी सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं. तू बोलत होतीस.”

तिने पर्स मिटली. चापाचा आवाज झाला. मग तिने तिच्या बाजूचं दार उघडलं. गाडी चालूच होती, पायाच्या वेगाने का होईना. दारिओ ओरडला, “मम्मा!” आणि ब्रेकवर असा पाय मारला की ट्रे पुढच्या सीटवर आपटला. मागच्या ट्रकने भोंगा दिला, पोटात शिरणारा. अस्सुंता पान्नुन्झियो, वय ऐंशीला टेकलेलं, गुडघे दोन्ही बदललेले. तिने आधी एक काळा बूट रस्त्यावर ठेवला, मग दुसरा, छपराला धरून उभी राहिली आणि ट्रकवाल्याकडे वळून इटालियनमध्ये असं काही म्हणाली की मला पट्ट्याखालचा दारिओ आठवला. कुठून शिकला ते कळलं. मग गाडीला हाताने चाचपत, आंधळं माणूस भिंत धरून येतं तशी, माझ्या दारापाशी आली आणि बाहेरून खिट्टी ओढली.

दार उघडलं. डिझेलचा वास, ऊन, नदीवरचा वारा.

“उतर,” ती म्हणाली.

मी उतरले.

“तो ट्रे घे. मांस आहे त्यात, पलीकडचे फेकून देतील.” मग, माझ्याकडे न बघता, “कठड्याच्या कडेने चाल. पळू नकोस. पळणाऱ्याला थांबवतात.”

ती परत जाऊन बसली. दारिओ मान वळवून माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा मी ओळखला, बंद पडलेल्या मशीनसमोर असतो तो. मागचा ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. “नवरा आवडत नसेल तर पुलावर कशाला सोडतेस, बाई?” तो ओरडला. “लझान्या घेऊन निघालीस, म्हणजे पोटगी मिळाली!” आणि हसत हसत त्याने ट्रक तसाच उभा ठेवला, मी त्याच्या पुढून कठड्याकडे जाईपर्यंत. अडाणी थट्टा, पण थांबला. थांबणं किती सोपं होतं ते मी त्याच्या चाकांकडे बघून शिकून घेतलं.

मग मी उलटी चालू लागले. सगळी चाकं एका दिशेला आणि मी दुसऱ्या. प्रत्येक खिडकीतून एक तोंड माझ्याकडे वळत होतं, बाप्तिस्म्याच्या निळ्या पोशाखातली, हातात फॉइलने झाकलेला ट्रे धरलेली सावळी बाई. लहान मुलं हात हलवत होती. माझी पावलं मला मोजून मापून पडताना ऐकू येत होती आणि प्रत्येक पाऊल इथलं होतं. इथलं डांबर, इथला खडा, इथलं पडलेलं बिअरचं झाकण. आई सांगते, मी चालायला शिकले तेव्हा मागाच्या दोऱ्या धरून चालले होते, बाप विणत असताना, आणि त्याने एकदाही ओरडून हाकललं नाही, उलट ठोका हळू केला. मी दोरी धरलेली आहे, असं वाटत होतं. सोडलेली नाही. ताणली गेली, पण तुटली नाही.

नारिंगी जाकिटातला माणूस धावत आला. माझ्याच वयाचा असेल, दाढी नीट कोरलेली.

“बाई, इथे पायी यायला बंदी आहे! गाडी बंद पडली का?”

“नाही.”

“कुठून आलात? पलीकडून?”

“नाही. मी पलीकडे गेलेच नाही.”

“मग इथे काय करताय?”

“परत चाललेय. मला बाहेरच्या रस्त्याला लागायचंय.”

“कागदपत्रं आहेत?”

खांद्यावरच्या पिशवीत होती. प्लास्टिकच्या पाकिटात, ते मी अंघोळीला जातानाही नजरेआड होऊ देत नाही. मी ट्रे त्याच्या हातात दिला, पाकीट काढलं, संपलेलं परमिट आणि ते संपायच्या आधी मुदतवाढ मागितल्याची पावती त्याच्यासमोर धरली आणि नदीनचे शब्द जसेच्या तसे म्हटले. उत्तर येईपर्यंत मी कायदेशीर आहे. त्याने वाचलं की नाही कोण जाणे, त्याचं लक्ष ट्रेच्या वासाकडे होतं.

“हे माझं काम नाही,” तो शेवटी म्हणाला. “मी फक्त गाड्या बघतो.” आणि ट्रे तसाच हातात धरून माझ्या पुढे चालू लागला, जाळीच्या एका फाटकापर्यंत. फाटक उघडलं, ट्रे परत दिला. “जड आहे,” म्हणाला.

“हो,” मी म्हटलं.

फाटकाबाहेर गवताचा उतार होता. तिथून परतणाऱ्या गाड्या बाहेर पडतात तो रस्ता दिसतो. मी तिथे उभी राहिले. बसले नाही. बसलेली बाई हरवलेली दिसते. पुलाच्या कमानीवर गाड्या मुंग्यांसारख्या चढत होत्या आणि त्यातली आमची कुठली ते ओळखायचा मी प्रयत्न केला नाही. लुईजीचा फोन आला, “अरे कुठे आहात? पास्ता सुकतोय.” मी म्हटलं, “लझान्या माझ्याकडे आहे. सुरू करा तुम्ही.” मला वाटलं होतं की उभी राहिले की रडू येईल. नाही आलं. भूक लागली. फॉइलचा कोपरा उचलून बोटाने कडेचा करपलेला तुकडा तोडला आणि खाल्ला. सासू मीठ नेहमी जास्त घालते.

ऊन उतरलं तेव्हा गाडी आली. सासूची काच खाली होती. दारिओ उतरला. त्याचे डोळे लाल होते. “नाक्यावरच्या माणसाने विचारलं, किती जण आहात,” तो म्हणाला. “मी तीन म्हणणार होतो. मम्माने आधीच दोन सांगितलं.” त्याने माझ्या हातून ट्रे घ्यायला हात पुढे केले. मी दिला नाही. त्याने मागचं दार उघडून धरलं.

“आधी ते कुलूप काढ,” मी म्हटलं.

“आत्ता?”

“आत्ता.”

“अगं, ती लहान पोरं बसतात—”

“पोरं बसतील तेव्हा लाव.”

तो वाकला. दाराच्या कडेला एक बारीकशी खाच असते, त्यात किल्लीचं टोक घालून फिरवावं लागतं. पहिल्यांदा निसटलं. रस्त्यावरून जाणारे भोंगे देत होते, त्याची मान घामाने भिजली होती, आणि मी ट्रे धरून उभी होते. मशीनपुढे वाकलेला तो मला नेहमी आवडत आला आहे, ते तेव्हाही खरं होतं. टक् असा आवाज झाला.

मी आत बसले. दार माझं मी ओढून घेतलं. मग आतून खिट्टी ओढली, दार उघडलं, पुन्हा लावलं. दारिओ स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला, स्वतःच्या हातांकडे, जसे ते उसने आणलेले असावेत.

“चीज मिळालं?” मी सासूला विचारलं.

“रांग होती,” ती म्हणाली. चीजच्या दुकानात रविवारी रांग नसते. “ट्रेचा कोपरा कोणी खाल्ला?”

“मी.”

“मीठ?”

“जास्त.”

“बरं,” ती म्हणाली आणि काच वर घेतली.

या वेळी वळायच्या आधी दारिओने उजवीकडे वळायचा दिवा लावला आणि तो दिवा टिकटिकत असताना मोठ्याने म्हणाला, “उजवीकडे.” कोणी हसलं नाही. मी ट्रे मांडीवर घट्ट धरला. आता तो थंड झाला होता.

“सकाळी मला कामावर सोड,” मी म्हटलं. “वेळेवर. शेवटच्या ओळी माझ्या आहेत.”